तेहेतिसावा गोल

तेहेतिसावा गोल मी काढला, आणि तो चुकून काढला, हे आधीच कबूल केलेलं बरं. नाहीतर पुढची हकिगत ऐकून लोक म्हणायचे, ह्या माणसाने काहीतरी करणी केली. करणी करायला अंगात गुण लागतात. मी मराठीचा शिक्षक. मला मराठी सोडून दुसरं काही येत नाही, आणि मराठीबद्दलही वर्गात दोन मतं होती.

झालं ते असं. सन १९९६, ऑगस्ट महिना. आमची शाळा साताऱ्याहून कोरेगावला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, तीन बाजूंनी ऊस. शुक्रवारी शाळा सुटताना पी.टी.चे नवे सर हिंदुराव मला म्हणाले, "सर, उद्या सकाळी जरा मैदानावर चुन्याची फक्की मारून देता काय? मला पोरांची कवायत घ्यायची हाय. नववीची बत्तीस पोरं. चार रांगा, आठ-आठ. ह्यो सायकलीचा जुना टायर जमिनीवर ठिवायचा, कडंनं फक्की सोडायची, टायर उचलायचा, की झाला गोल. ह्यात चुकण्यासारकं कायबी न्हाई."

जिथे चुकण्यासारखं काही नसतं तिथे चुकायला खास तयारी लागते. ती माझ्याकडे होती. डोक्यात सोमवारी शिकवायची कविता, हातात फक्कीचा डबा. पहिली रांग संपवून वर पाहिलं तर गोल अकरा झालेले. आता एक रांग अकराची आणि बाकीच्या आठाच्या, हे काही डोळ्याला बरं दिसेना. म्हणून मी खाली आणखी दोन रांगा अकरा-अकराच्याच ओढल्या. लांब जाऊन पाहिलं. पांढरे शुभ्र तेहेतीस गोल. फार सुरेख दिसत होतं.

हिंदुरावांबद्दल सांगायला हवं. मुलं त्यांना फौजी सर म्हणत. अठरा वर्षं फौजेत काढून आलेला माणूस. ते उभे राहिले की झेंड्याची काठी वाकडी वाटायची. हसायचं असलं तरी आधी सावधान व्हायचे, मग हसायचे. चहात बिस्किट बुडवताना ओठांतल्या ओठांत "एक-दो" म्हणायचे आणि "तीन"ला बाहेर काढायचे. त्यांचं बिस्किट कधी चहात पडल्याचं कुणी पाहिलं नाही. आमचे जुने पी.टी.चे सर बदलून गेले होते, नवीन माणूस मिळत नव्हता, म्हणून मुख्याध्यापक नानासो यांनी ह्यांना वर्षापुरतं मानधनावर घेतलं होतं. जानेवारीत तपासणीचे साहेब येणार. त्यांनी शेरा बरा दिला तर पुढच्या वर्षी नोकरी, नाहीतर राम राम.

अशा माणसाने मुलांना काय शिकवावं? हात वर, हात खाली, फार तर लेझीम. ह्यांनी पहिल्याच तासाला टेपरेकॉर्डर आणला आणि नाच शिकवायला सुरुवात केली. तो नाच पाहून नानासोंनी त्यांना ऑफिसात बोलावलं.

"हिंदुराव, हे ब्रेक डान्स का काय म्हणतात ते का?"

"न्हाई सर. हिप हॉप."

"पण हे शारीरिक शिक्षणात बसतं का?"

 हिंदुरावांनी डाव्या हाताच्या बोटातून एक लाट सोडली. ती मनगटातून कोपरात आली, खांद्यावरून मानेखालून पलीकडे गेली आणि उजव्या करंगळीतून बाहेर पडली. मग ते एका हातावर उलटे झाले आणि तसेच राहिले. टेबलावरचा एकही कागद हलला नाही. नानासो त्या करंगळीच्या दिशेला, खिडकीबाहेर, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बसतं," आणि वेळापत्रकात स्वतःच्या हाताने लिहिलं: तालबद्ध कवायत.

गावाचं तेवढ्यावर समाधान होईना. मैदानाला लागून आप्पासोंचा ऊस. ते बांधावर उभे राहून पाहायचे. एकदा मला म्हणाले, "सर, ह्या पोरांस्नी एकदा डॉक्टरला दावा. आमच्या म्हशीला असंच व्हायाचं."

तर त्या शनिवारी हिंदुराव मैदानावर आले. शिट्टी झाली. "चलो, आपापल्या गोलात!" बत्तीस मुलं पळाली, ज्याला जो सापडला त्या गोलात उभी राहिली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. एक गोल उरला. मधल्या रांगेत, डावीकडून दुसरा.

हिंदुरावांच्या तोंडात शिट्टी तशीच राहिली. त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. मला वाटलं, चूक माझी आहे, निस्तरावी. मी पुढे होऊन तो गोल पुसायला पाय उचलला.

"थम!"

उसातल्या चिमण्या उडाल्या. मी एका पायावर उभा.

"पाय मागं घ्या, सर."

मी घेतला. हिंदुराव त्या गोलाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बरूबर हाय."

तास झाला. मुलं गेली. मी टायर आणि डबा उचलायला गेलो. बत्तीस गोलांची पार दशा झाली होती. चौसष्ट पाय नाचल्यावर दुसरं काय होणार. तो रिकामा गोल मात्र बाहेरून तसाच होता. आतून नव्हता. कडेची फक्की आत ओढली गेली होती, गोल गोल, मधे एका टिंबापर्यंत. कुणी टाच रोवून गरगरा फिरावं, तशी. वाऱ्याने झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि रुमाल काढून घाम पुसला. रुमाल हलत नव्हता. वारा नव्हताच.

त्यानंतर हिंदुरावांनी मला दर शनिवारी तेहेतीसच गोल मारायला लावले. तीन रांगा, अकरा-अकरा. मुलं वाटेल तशी पळायची, वाटेल तिथे उभी राहायची, आणि उरायचा तोच. मधल्या रांगेतला, डावीकडून दुसरा. भुतं म्हणे भर बाराला किंवा मध्यरात्री निघतात. आमची शनिवारची शाळा अकराला सुटायची, त्यामुळे मी त्या बाबतीत निर्धास्त राहायचं ठरवलं होतं.

दिवाळीनंतर टेपरेकॉर्डरने कॅसेट खाल्ली. आतली पट्टी शेवयांसारखी बाहेर आली. हिंदुराव म्हणाले, "टेप नसंना. टाळी हाय की." आणि ते टाळीवर शिकवू लागले. एक टाळी, एक पाय. एक-दो-तीन-चार. चुकलं की "जैसे थे!" आणि पुन्हा पहिल्यापासून.

नववीत अक्षता नावाची मुलगी होती. वडील फौजेत, जीभ फटकळ, आणि नाचात सगळ्यांच्या पुढे. ती त्या रिकाम्या गोलाच्या शेजारी उभी राहायची. एक दिवस तिने हात वर केला.

"सर, तुमी एक टाळी वाजवताय. मग मधली कोण वाजवतंय?"

"कंची मदली?"

"तुमच्या दोन टाळ्यांच्या मधी एक येतीय की. बारकी. पाय त्या टाळीवर टाकला की बरा पडतोय."

मी व्हरांड्यात वह्या तपासत होतो. मी सांगतो, तिचं खरं होतं. मीही ती ऐकली होती आणि शाळेच्या भिंतीवरून येणारा आवाज असेल म्हणून सोडून दिली होती. पण भिंतीवरून येणारा आवाज टाळीची नक्कल करतो. टाळीला उत्तर देत नाही.

हिंदुरावांनी तिला विचारलं, "पाय बरा पडतोय न्हवं?"

"लय बरा."

"मग टाक की गं."

आणि खरोखर, त्या महिन्यात मुलांच्या नाचाचं काहीतरी झालं. आधी ती नाचासारखी कवायत करत होती. आता नाचायला लागली. खांदे सैल सुटले. पाय टाळीच्या किंचित मागे राहून मग झेप घ्यायचे. आप्पासोसुद्धा बांधावर बसून मांडीवर बोटं वाजवायला लागले. म्हशीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

डिसेंबरात नानासो तालीम पाहायला आले. सगळं पाहिलं, मान डोलावली आणि काठीने मधल्या रांगेकडे दाखवलं.

"हे भगदाड कसलं?"

"जागा हाय, सर," हिंदुराव म्हणाले.

"जागा आहे ते दिसतंय. साहेब विचारतील, मुलगा कुठे आहे म्हणून. अक्षता, तू जा बघू तिथे. तुझी कडेची जागा रिकामी राहिली तरी चालेल, कडेचं दिसत नाही."

अक्षता गेली. हिंदुरावांनी टाळी दिली. एक-दो-तीन-चार. चौथ्या टाळीला ती गोलातून बाहेर येऊन उभी राहिली.

"काय झालं गं?" नानासो म्हणाले.

"सर, हितं गर्दी होतीया."

नानासोंनी दोन्ही बाजूंना पाहिलं. एका बाजूला तिचीच रिकामी जागा, दुसऱ्या बाजूचं मूल दोन हात लांब. एरवी अशा बोलण्यावर सगळा वर्ग खिदळला असता. आज एकही मूल हसलं नाही.

नानासो घाबरट नव्हते, पण त्यांना तपासणीची भीती भुतापेक्षा जास्त होती. ते म्हणाले, "हे बघा हिंदुराव, मी सरळ सांगतो. तपासणीच्या दिवशी चार रांगा, आठ-आठ. सगळे गोल भरलेले. रांगेत भोक दिसलं आणि साहेबांनी काही लिहिलं, तर पुढच्या वर्षी मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मग हा नाचही बंद आणि तुम्हीही घरी."

"जी सर," हिंदुराव म्हणाले. त्या "जी सर"चा अर्थ हो की नाही, हे फौजेत कळत असेल, शाळेत कळलं नाही.

त्या दिवशी मी त्यांना एस.टी.च्या थांब्यावरच्या टपरीत चहाला नेलं. मुळात सगळी भानगड माझ्या फक्कीने केलेली, म्हणून पैसेही मीच देणार होतो. म्हटलं, "हिंदुराव, करा की चार रांगा. एका गोलासाठी नोकरी घालवता का?"

त्यांनी बिस्किट बुडवलं. एक-दो. तीनला ते बाहेर काढायचं विसरले. बिस्किट चहात पडलं. मी खरा घाबरलो तो तेव्हा.

"सोमालियाला गेल्तो आमी, त्र्याण्णव साली, शांतिसेनेत," ते म्हणाले. "आमी तेहेतीस जन. शेजारी अमेरिकेच्या फौजेचा तळ. त्यातला एक काळा गडी, ह्यो उंच, संध्याकाळी टेप लावून नाचायचा. मी लांबनं बघायचो. आमच्यातला ज्योतिबा काय बघत बसनाऱ्यातला न्हवता. गेला सरळ आन् म्हनला, 'टीच.' तेवडंच इंग्रजी येत हुतं त्याला. पयला त्यो शिकला, मग त्यानं मला शिकिवलं. मी टाळी दिऊन पाय टाकायचो. त्यो माज्या दोन टाळ्यांच्या मदी टाळी द्यायचा. म्हनायचा, 'गड्या, सरळ टाळीवर तर बैल बी चालतंय.'"

ते हसले. सावधान न होता.

"मग एक दिस त्याची गाडी रस्त्यानं गेली, ती आली न्हाई. खाली सुरुंग हुता. दुसऱ्या दिशी परेडला आमी बत्तीस. आता परेडचा कायदा असा हाय, सर, की तीन रांगांत एक मानूस कमी पडला तर जागा कुटंबी सोडायची नसती. मदली रांग, डावीकडनं दुसरी. तीच रिकामी ठिवायची. ब्लँक फाईल म्हंत्यात त्याला."

माझा चहा तसाच राहिला.

"त्याची ट्रंक घिऊन मी विट्याकडं त्याच्या गावी गेलो. भाऊ सगळे गलाईच्या धंद्यात, सोनं आटवायला परमुलखात. घरी म्हातारी एकटी, बनुबाई. रडली न्हाई. ट्रंकंवर हात ठिवला आन् इचारलं, 'माज्या पोराच्या जागी आता कोन उबा केला?' मी म्हनलो, 'कुनी न्हाई, आत्ती. मी हाय तवर ती जागा रिकामीच ऱ्हाईल.' बोलून गेलो. आन् सालभरात मला पेन्शन. आता रांगच न्हाई, तर जागा कुटं ठिवू? दर दिवाळीला जातो. ती इचारती, 'हाय न्हवं रं जागा?' मी म्हंतो, 'हाय.' धादांत खोटं. घशाखाली तिचा लाडू उतरायचा न्हाई." ते थांबले. "ह्या दिवाळीला उतरला. तुमी फक्की मारली न्हवं का."

मी बिस्किटांचा आणखी एक पुडा सांगितला. दुसरं काय करावं ते सुचेना.

तपासणीच्या दिवशी जानेवारीतलं धुकं उसातून मैदानावर उतरलं होतं. हाताचा पंजा दिसत नव्हता. हिंदुरावांना नानासोंनी मुद्दामच फाटकावर स्वागताला उभं केलं होतं, आणि मला बोलावून सांगितलं, "चार रांगा. आठ-आठ. आज चुकलात तर तुमचंही बघावं लागेल." गणिताच्या सरांनी माझ्या डाव्या खिशात बत्तीस शेंगा मोजून घातल्या. एक गोल झाला की एक शेंग उजव्या खिशात टाकायची. डावा खिसा रिकामा झाला की काम संपलं. ही व्यवस्था अपमानास्पद होती, पण बिनचूक होती.

हिंदुरावांची आठवण काढत, मनातून स्वतःला शिव्या देत, मी चार रांगा मारल्या. आठ झाले की वळायचो. तीनदा वळलो. डावा खिसा रिकामा झाला. मी डबा ठेवायला खोलीत गेलो, हात धुतले, परत आलो. तेवढ्यात ऊन आलं आणि धुकं वर उचललं गेलं.

तीन रांगा. अकरा-अकरा.

मी उजव्या खिशातल्या शेंगा काढून मोजल्या. बत्तीस. गोल मोजले. तेहेतीस. गवतावर दव होतं आणि दवात पावलं उमटली होती. सगळी माझ्याच चपलांची. आता हाताला पाच महिन्यांची सवय, धुक्यात हाताने आपलंच खरं केलं असेल, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हणतो. पहिल्या वेळची चूक माझी, हे तर मी सुरुवातीलाच सांगितलं. दुसऱ्या वेळचीही माझीच असावी, अशी माझी फार इच्छा आहे.

मधल्या रांगेतल्या त्या गोलापाशी मी गेलो. पुसायला पाय उचलला. आणि मग मुकाट्याने मागे घेतला. ह्या वेळी कुणी "थम" म्हटलं नव्हतं.

व्हरांड्यातून नानासोंनी पाहिलं. त्यांचा चेहरा बीटासारखा झाला. पण जीप फाटकातून आत आली होती.

शिट्टी झाली. मुलं पळाली, उभी राहिली. एक गोल उरला. हिंदुरावांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि टाळी दिली.

तसा नाच मी त्यानंतर पाहिला नाही. बत्तीस अंगांतून एकच लाट निघाली, एका टोकाच्या करंगळीतून शिरली आणि मधल्या रांगेतल्या त्या रिकाम्या जागी न अडखळता पुढे गेली. तिथे ती तुटायला हवी होती. मधली टाळी आज बारकी नव्हती, चांगली खणखणीत होती. साहेबांचा पाय त्या टाळीवर हलत होता. मी त्या गोलाकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं. फक्की हळूहळू आत सरकत होती. तव्यावर धिरड्याचं पीठ वाटीच्या बुडाने फिरवावं तशी, फक्त बाहेरून आत.

नाच संपला. साहेब उठले आणि थेट मधल्या रांगेकडे निघाले. नानासो मागून धावले. "सर, तो एक मुलगा आज जरा आजारी..."

"थांबा हो," साहेब म्हणाले. "ही ब्लँक फाईल आहे ना? मधली रांग, डावीकडून दुसरी! मी दहा वर्षं एन.सी.सी. बघितली. बत्तीस मुलांत ही जागा अचूक सोडणारी शाळा मला आज भेटली. कुणी शिकवलं हे?"

"मीच सांगितलं होतं, सर," नानासो म्हणाले, "की ती जागा रिकामीच ठेवा."

साहेबांनी तिथेच शेरा लिहायला वही मागितली. परत वळताना ते त्या गोलाच्या अगदी कडेने गेले, एकदम खांदा चोरून बाजूला झाले आणि म्हणाले, "सॉरी हं." मग थांबले. मागे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि भरभर जीप गाठली.

हिंदुरावांना पुढच्या वर्षीचं पत्र मिळालं. नानासोंनी ते त्यांच्या हातात देताना फोटो काढून घेतला. दुपारी मैदान मोकळं झाल्यावर आम्ही दोघं आवरत होतो. हिंदुराव टायरवरची फक्की फडक्याने पुसत होते. संध्याकाळच्या एस.टी.ने ते विट्याला निघणार होते, दिवाळी नसतानाही. मला एक शंका दिवसभर कुरतडत होती. गणित माझं कच्चं असलं तरी एवढं मला कळत होतं.

म्हटलं, "हिंदुराव, समजा पुढच्या वर्षी नववीत एक पोरगं वाढलं. तेहेतीस झाले. सगळे गोल भरले. मग ज्योतिबाचं काय?"

त्यांनी टायर माझ्या हातात दिला.

"मग चौतीस काडा."